चेहरे आहेत, नावं नाहीत

१९४६ साली दिल्लीच्या कायदेमंडळाने सरकारी चित्रपट खात्याचा पैसा तोडला. महायुद्धाच्या प्रचारासाठी इंग्रजांनी काढलेली ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ आणि ‘इंडियन न्यूज परेड’ हा वृत्तपट, दोन्ही गुंडाळली गेली. राग रास्तच होता, पण मुहूर्त चुकला. पुढच्याच वर्षी देश स्वतंत्र झाला, तेव्हा तो सोहळा टिपायला सरकारचा स्वतःचा वृत्तपट नव्हता. ते काम खासगी आणि परदेशी कॅमेरावाल्यांनी केलं.

१९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजन उभं राहिलं. पुढची कित्येक दशकं मुख्य चित्रपटाआधी त्याचा वृत्तपट किंवा अनुबोधपट दाखवणं थिएटरवाल्यांना सक्तीचं होतं, वर त्याचं भाडंही भरावं लागे. प्रेक्षकांना ही वेळ बरी पडे: कुणी उशिरा येई, कुणी विडी ओढून घेई. पडद्यावर मंत्री फीत कापत, पाहुणे विमानातून उतरत, धरणाचे दरवाजे उघडत. पस्तीस मिलिमीटरची हजार फूट फिल्म सुमारे अकरा मिनिटांत संपते. तेवढ्यात देश भराभर पुढे जाताना दिसे.

जिथे थिएटर लांब, तिथे पडदाच गावात येई. १९५३ साली पंचवार्षिक योजनांच्या प्रसिद्धीसाठी निघालेली संघटना पुढे क्षेत्रीय प्रचार संचालनालय झाली. तिची गाडी सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर घेऊन खेडोपाडी फिरायची. विषय ठरलेले: खत, लसीकरण, कुटुंबनियोजन, अल्पबचत.

त्याच सुमारास जपानी पद्धतीच्या भातशेतीची मोहीम देशभर निघाली. तिचे सुरुवातीचे प्रयोग बोरिवलीच्या कोरा केंद्रात झाले होते. गादीवाफ्यावर मोजकं बी पेरायचं, रोपं ओळीत लावायची, शेणखताला रासायनिक खताची जोड द्यायची. ठाणे जिल्ह्यात मुरबाडकडच्या वैशाखरे, टोकावडे या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला यात नवल वाटण्यासारखं बरंच होतं. इकडे उन्हाळ्यात शेण, टाळ, पालापाचोळा आणि गवत जमिनीवर थरांनी पसरून राब भाजतात आणि त्या राखेवर भाताचं बी टाकतात. रोपांची आवणी बायका कमरेतून वाकून करतात, पावसात पाठीवर इरलं घेऊन. शेतकी शिकवणारा पट पाहताना आज डोळा अडकतो तो नेमका तिथे: सुधारणा कुठली सांगितली यापेक्षा, ती सांगताना चौकटीत मागे काय येऊन गेलं यावर. बांधावरची पोरं, औताची बांधणी, अंगावरचं लुगडं. तेव्हा कॅमेरावाल्याला ती अडगळ वाटली असेल. आज तोच खरा ऐवज आहे.

वैशाखऱ्याजवळच नाणेघाट आहे. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लेख आहे. केलेले यज्ञ, दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, कार्षापणं यांची ती जंत्री आहे, म्हणजे त्या काळचं सरकारी प्रसिद्धिपत्रकच. आजचे अभ्यासक मात्र त्यात राजाचं दातृत्व शोधत नाहीत. भारतातल्या अगदी जुन्या अंकचिन्हांसाठी तो लेख वाचतात. त्याच लेण्यात राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. मूर्ती गेल्या, वर कोरलेली नावं राहिली. वृत्तपटांत नेमकं उलटं झालं आहे. चेहरे ठसठशीत आहेत, नावं नाहीत. मंत्र्याचं नाव निवेदक स्पष्ट घेतो. डोक्यावर घमेलं घेतलेली बाई ‘मजूर’ म्हणून निघून जाते. तानसा, वैतरणा, भातसा अशी मुंबईची पाण्याची तळी ज्या शहापूरच्या रानाशी जोडलेली आहेत, तिथल्या माणसाने धरणांचे पट पाहिले की त्याला भिंतीच्या उंचीआधी पाण्याखाली गेलेल्या गावाची चौकशी करावीशी वाटणारच.

सगळंच सरकारी खात्याने टिपलं असंही नाही. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची अंत्ययात्रा निघाली. ती नामदेव व्हटकरांनी पदरमोड करून चित्रित केली. तो जनसागर आज हलताना दिसतो, याचं मोठं श्रेय त्यांचं. त्याआधी अर्धं शतक सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, १८९९ मध्ये मुंबईत कुस्ती चित्रित केली आणि १९०१ मध्ये रँग्लर परांजपे इंग्लंडहून परतल्याचा सोहळाही. त्या फिती आज पाहायला मिळत नाहीत.

फिल्म फार नाजूक जिन्नस. जुनी नायट्रेट फिल्म स्फोटकासारखी पेटते. २००३ च्या जानेवारीत पुण्यात लागलेल्या आगीत असा मोठा साठा जळाला. नंतरच्या ॲसिटेट फिल्मला दमट हवेत आंबट वास सुटतो, व्हिनेगरसारखा; ती आक्रसते, वाकडी होते आणि यंत्रात चालेनाशी होते. मुंबईच्या पावसात तिला जपायचं तर कोठारातला गारवा आणि कोरडेपणा वर्षभर राखावा लागतो, आणि त्याचं वीजबिल भरायला कुणाला उत्साह नसतो.

फिल्म्स डिव्हिजन आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं आहे. त्याच्या खजिन्यात आठ हजारांहून अधिक पट आहेत. त्यांपैकी कित्येक मोबाइलवरही पाहता येतात. मुरबाडच्या एखाद्या घरात असा पट लावला आणि समोर जुनी जाणती आजी असली, तर निवेदकाने ‘खेडूत स्त्रिया’ म्हणून उरकलेल्यांपैकी ठाकर कोण, आगरी कोण, हे ती लुगडं नेसण्याच्या तऱ्हेवरून सांगू शकेल. या पटांच्या सूचीत ही माहिती भरायला रकाना मात्र ठेवायला हवा.