शेवटचे कडवे वाजू द्या!

भीमजयंतीची मिरवणूक तासन् तास चालते, पण गाणे कुठे थांबत नाही. एक संपण्याआधीच दुसरे त्याच ठेक्यात सुरू होते. ही जोडणी पूर्वी माणूस करी. दोन तबकड्या शेजारी ठेवून हाताने ठेका जुळविण्याची कला न्यूयॉर्कच्या नाचघरांत १९७० च्या सुमारास पुढे आली. आता तेच काम संगणक आपोआप करतो.

ते कसे, हे आपल्या मुलांनीही समजून घ्यावे. गाणे वाजण्याआधीच संगणक ते तपासतो. आवाज कुठे एकदम उसळतो ते पाहून तो थापा शोधतो आणि मिनिटाला ठोके किती ते मोजतो. एका गाण्यात १०० ठोके आणि दुसऱ्यात १०४ असले, तर दुसऱ्याची गती तो किंचित कमी करतो. टेप हळू फिरली की आवाज जाड होई. संगणक मात्र आवाजाचे बारीक तुकडे करून ते नव्याने जुळवितो. त्यामुळे गती बदलली तरी गायकाचा सूर बदलत नाही. मग पहिले गाणे उतरत जाते आणि दुसरे चढत जाते.

पण कोणत्या ओळीचे मोल काय, हे संगणकाला कळत नाही. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) शेवटच्या कडव्यात 'वामन' हे आपले नाव गुंफीत. अक्षरओळख नसलेल्या आयाबायांनाही त्यावरून कवी कळे. संगणक पुढचे गाणे आणताना नेमका हाच शेवट झाकून टाकतो. आमच्या वस्तीतल्या मिरवणुकीत आम्ही कान देऊन ऐकले. वामनदादांची गाणी वाजली, पण 'वामन' एकदाही ऐकू आले नाही. गाणे कोणाचे, असे मुलांना विचारले, तर त्यांनी गायकाचे नाव सांगितले!

आम्ही यंत्राच्या विरोधात नाही. दोष यंत्राचा नसून ते वापरणाऱ्या व्यवस्थेचा असतो, हीच बाबासाहेबांची भूमिका होती. जोडणीचे सेकंद सॉफ्टवेअरमध्ये शून्यावर आणता येतात. नाचाच्या गाण्यांना जोडणी खुशाल ठेवा. पण मंडळाच्या कार्यकर्त्यांनी ठरवून वामनदादांची निदान पाच गाणी शेवटच्या कडव्यापर्यंत वाजवावीत आणि आधी कवीचे नाव सांगावे. आपल्या कवींची नावे आपणच जपायची आहेत.

जयभीम!