पन्नास प्रती, मग दगड कोरा

बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत साचा म्हणजे भांडवल. एकदा डाय तयार झाला की तो जितका टिकेल तितका माल स्वस्त पडतो. कॅनडाच्या उत्तरेला, बॅफिन बेटाजवळच्या किनगाइट (पूर्वीचं केप डॉर्सेट) गावातली छापशाळा याच्या नेमकी उलट चालते. कागदावरचं रेखाटन दगडावर उतरवायचं, नको तो भाग कोरून काढायचा, उरलेल्या उंचवट्याला शाई लावून त्यावर पातळ जपानी कागद ठेवायचा आणि हातानं घासून छाप उठवायचा. साधारण पन्नास प्रती झाल्या की दगडावरचं चित्र नष्ट करायचं. प्रत्येक प्रतीवर क्रमांक असतो, आणि चित्र काढणाऱ्याबरोबर दगड कोरणाऱ्याचीही खूण. इन्युइट छापचित्रं जगभरचे संग्राहक जपून ठेवतात ते त्यातल्या अस्वलांमुळे, पक्ष्यांमुळे आणि समुद्रतळाशी राहणाऱ्या सेडना देवतेमुळे, हे खरंच. पण माझ्या मते तितकंच ते या शिस्तीमुळेही. आपल्या वारली चित्रांना नेमकी हीच शिस्त लाभली नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ही शिस्त इन्युइटांची नव्हेच. तेही खरं. जेम्स ह्यूस्टन या बाहेरून आलेल्या चित्रकारानं १९५७ च्या सुमारास तिथं छपाई सुरू केली, नंतर जपानला जाऊन उनिची हिरात्सुका यांच्याकडे तंत्र शिकून घेतलं. १९५९ मध्ये पहिला वार्षिक संच बाजारात आला. पण आपल्याकडेही वेगळं काय घडलं? सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूकडच्या पाड्यांवर कागद आणि रंग घेऊन पोचले, आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांची चित्रं १९७५ मध्ये मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये लागली. त्याआधी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं लग्नाचा चौक लिहायच्या त्या सवाशिणी. चौकात पालघट देवी, भोवती झाडं, जनावरं, माणसं. म्हणजे कागद दोन्हीकडे परकाच होता. प्रश्न तो कुणी आणला हा नाही, त्याचा हिशेब कुणाच्या हाती राहिला हा आहे. किनगाइटमध्ये छापशाळा गावकऱ्यांच्या सहकारी संस्थेची झाली. महाराष्ट्राला सहकार शिकवायची गरज नाही. साखर आणि दूध आपण त्यातूनच उभं केलं, चित्र मात्र बाजूला राहिलं. अर्थात तिथंही सगळं गोड नव्हतं. कोणतं छापचित्र विकायला योग्य, हे १९८९ पर्यंत दक्षिण कॅनडातली एक समिती ठरवत असे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पन्नासावर थांबणं ही मुद्दाम केलेली टंचाई, व्यापाऱ्याची युक्ती. लोककला सगळ्यांची, तिला कसला आकडा? पण लग्नाचा चौक तरी कुठे अमर्याद होता? तो एका घरच्या एका लग्नापुरता असे, आणि भिंत पुन्हा सारवली की जात असे. अमर्याद झाला तो कपांवर, चादरींवर, हॉटेलांच्या भिंतींवर आल्यावर, आणि तिथं लिहिणाऱ्याचं नाव नसतं. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्यानं समाजाचं नाव राखलं जातं, एकट्या चित्रकर्तीचं नाही. ते राखायला सही लागते, क्रमांक लागतो, नोंदवही लागते.

नावानं काय होतं, याचं उदाहरण एका घुबडाचं आहे. आपल्याकडे ते लक्ष्मीचं वाहन, तरी घरावर बसलं तर अशुभ. किनगाइटच्या चित्रकर्ती केनोजुआक अशेवाक यांनी १९६० मध्ये काढलेल्या ‘एन्चान्टेड आउल’ या घुबडाच्या डोक्याभोवती पिसांच्या ज्वाळा आहेत. पन्नास प्रती निघाल्या, १९७० मध्ये कॅनडाच्या टपाल तिकिटावर ते आलं. अशा प्रतींच्या किमतीतलं कलावंताला काय मिळतं, असं कुणी विचारलं तर उत्तर फारसं सुखाचं नाही: जुनी प्रत पुन्हा विकली गेली की पैसा विकणाऱ्या संग्राहकाचा. क्रमांकानं न्याय मिळतोच असं नाही. पण चित्र कुणाचं, हा वाद तिथं उरत नाही. म्हणून वारली चित्र घेताना, मग ते वर्धा रोडवरच्या कार्यालयासाठी का असेना, लिहिणाऱ्याचं नाव आणि गाव विचारून मागे लिहून घ्या. पद्मश्री जिव्या सोमा मशे २०१८ मध्ये गेले. त्याच वर्षी टोरांटोत केनोजुआकच्या घुबडाची एक प्रत २ लाख १६ हजार कॅनेडियन डॉलरना विकली गेली.