एक अश्वशक्तीची मोकळीक

गगनचुंबी इमारती, वाहनतळ, जिन्यांची रुंदी आणि अग्निशमनाच्या अटी यांनी भरलेल्या सरकारी नियमावलीत शिवणकाम, भरतकाम आणि बटणे तयार करणे यांचा नावानिशी उल्लेख सापडेल, अशी अपेक्षा कोणी करत नाही. तो आहे. बृहन्मुंबई आणि काही मोजके भाग सोडले, तर महाराष्ट्रभर लागू असलेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झाली. निवासी विभागात काय काय चालेल, याच्या तिच्या यादीत घरात रूढीने चालत आलेले व्यवसाय आहेत. अटी दोन. काम घरच्याच माणसांनी करायचे, पगारी माणूस ठेवायचा नाही. आणि मोटर वापरली तर विजेचा एकूण भार पाऊण किलोवॉटच्या, म्हणजे एका अश्वशक्तीच्या, वर जाता कामा नये.

ही एक अश्वशक्ती अनेक घरांत दिसते. घरघंटीची मोटर बहुधा तेवढ्याच ताकदीची असते. जिल्हा परिषदांचे महिला व बालकल्याण विभाग अनुदानावर ज्या पिठाच्या गिरण्या आणि शिलाई मशीन देतात, त्यांच्या जोरावर कितीतरी बायका शेजारपाजारचे दळण आणि ब्लाउज-फॉलपिकोची कामे घेतात. त्यातल्या बहुतेकींना आपण नियमात बसतो हे ठाऊकच नसते. कोणी तक्रारीची धमकी दिली की त्या मशीनवर चादर टाकतात आणि गप्प बसतात. नियम त्यांच्या बाजूने आहे, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे. आवाजाचे भान मात्र ठेवावेच लागते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पहाटे पाचला गिरणी सुरू केली, तर खालच्या मजल्यावरच्याची तक्रार खोटी म्हणता येणार नाही.

मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने घरगुती व्यवसायाची व्याख्या आणखी बारकाईने केली होती. इथे व्यवसाय चालतो हे इमारतीच्या बाहेरून कळेल असे काही लावायचे नाही. विकायचे ते घरात बनलेलेच, बाहेरचा माल आणून घरात दुकान मांडायचे नाही. धोकादायक काही ठेवायचे नाही. आणि येईल त्या गिऱ्हाइकाला बसवून खाऊपिऊ घालण्याचा धंदा यात बसत नाही. म्हणून पापड, लोणची, मसाले करून विकणे वेगळे आणि दिवाणखान्यात टेबले मांडून खानावळ चालवणे वेगळे. जिन्यावरची वर्दळ, पाटी, गोदाम आणि आगीची भीती या चार गोष्टींनी शेजाऱ्याचे घरपण जाते, आणि व्याख्येतली प्रत्येक अट त्यांतल्याच एकीकडे बोट दाखवते. असा विचार केला की नियम पाठ करावे लागत नाहीत.

विजेच्या मीटरवरून सर्वाधिक घाबरवले जाते, आणि तिथेच नियम सर्वांत उदार आहे. घरात कसलाही धंदा सुरू केला की मीटर 'कमर्शियल' करावे लागते, असा सर्वत्र समज आहे. राज्य वीज नियामक आयोगाच्या दरआदेशांत महावितरणच्या ग्राहकांसाठी याहून वेगळे लिहिलेले आहे. घराच्या एका भागात व्यवसाय करणाऱ्याचा वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षात एकूण ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर त्याला घरगुती दरच लागतो. एका अश्वशक्तीची घरघंटी रोज चार तास चालली तर दिवसाला तीन युनिट, महिन्याला नव्वद. घरातले दिवे, पंखे, फ्रिज धरूनही साध्या कुटुंबाचे गणित ३०० च्या आत बसू शकते. वकील, डॉक्टर, अभियंता, सनदी लेखापाल यांनी राहत्या घरातून व्यवसाय केला तरी घरगुती दराची सोय आहे. शुश्रूषागृह आणि शस्त्रक्रियागृह मात्र त्यातून वगळलेले. मर्यादा ओलांडली, तर आधी सूचना देऊनच दर बदलायचा असतो. उलट, मर्यादेबाहेरचा वापर लपवून ठेवणे महागात पडते. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापराची आकारणी लागू दराच्या दुपटीने होते, आणि हा वापर कधीपासून चालला होता हे ठरवता आले नाही तर ती मागच्या बारा महिन्यांसाठी लावली जाते.

चुलीशी संबंधित धंद्याला आणखी एक दार ठोठवावे लागते. दिवाळीचा फराळ, वाढदिवसाचे केक, ऑफिसचे डबे, काहीही विकायचे असले तरी अन्नसुरक्षेची नोंदणी हवी. ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झालेल्या नियमांनी १२ लाखांपर्यंतच्या वार्षिक उलाढालीच्या लहान व्यावसायिकांना परवान्याऐवजी साध्या नोंदणीची वाट दिली आणि तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये ठेवले. त्यातून मिळणारा चौदा अंकी क्रमांक पाकिटावर असला की गिऱ्हाइकाचा भरवसा वाढतो. या कामासाठी एजंटाला हजारो रुपये मोजणाऱ्यांबद्दल वाईट वाटते. दुसरी गोष्ट सिलिंडरची. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर धंद्याच्या शेगडीला लावणे नियमबाह्य आहे. त्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो.

'गुमास्ता' हा शब्द अजून तोंडात असला, तरी दुकानांची ती नोंदणी ज्या १९४८ च्या कायद्याखाली होत असे तो आता नाही. डिसेंबर २०१७ पासून नवा दुकाने व आस्थापना कायदा आहे. कामगार मोजकेच असतील तर नोंदणी नको, व्यवसाय सुरू केल्याची ऑनलाइन सूचना पुरते. बँकेत चालू खाते उघडताना तिची पावती उपयोगी पडते. मालमत्ता कराच्या बाबतीत निवासी आणि बिगरनिवासी वापराचे दर निरनिराळे असतात, तेव्हा एखाद्या खोलीचे रूपच बदलून तिचे पार्लर केले असेल तर पालिकेला विचारून घेणे शहाणपणाचे. सोसायटीचे उपविधीही वाचावेत. कमिटीशी आधी बोललेले बरे, कारण बहुतेक भांडणे धंद्यापेक्षा लिफ्टवरून आणि पार्किंगवरून पेटतात.

या नियमांतली एक अट मात्र आता बदलायला हवी, ती पगारी माणसाची. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभे राहिले. तिथल्या बहिणी मळलेले पीठ घरी नेतात आणि स्वतः लाटतात. त्या संस्थेच्या मालक-सदस्य आहेत, कोणाच्या नोकर नव्हेत. अशी मोठी संघटना पाठीशी नसलेली बाई डब्यांची संख्या वीसवरून चाळीसवर नेते, तेव्हा भाजी चिरायला आणि पोळ्या लाटायला तिला दुसरी बाई लागतेच. तिने दिवसाचे दोन-तीन तास एका गरजू शेजारणीला पगार दिला, की आपली नियमावली तिला घरगुती व्यवसायाच्या बाहेर काढते. जिन्यावर त्या एका बाईने कोणती गर्दी होते? दिल्लीच्या २००७ मध्ये लागू झालेल्या बृहत् आराखड्याने ठरावीक, प्रदूषण न करणाऱ्या घरगुती उद्योगांना पाच कामगार आणि पाच किलोवॉटपर्यंत वीज मान्य केली. महाराष्ट्राने निदान दोन मदतनीस आणि दोन किलोवॉट इथपर्यंत यावे, आणि ही सगळी माहिती प्रत्येक वॉर्ड ऑफिसच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर एका कागदावर मराठीत लावावी. नियमावलीत दुरुस्ती करण्याचे अधिकार नगरविकास विभागाकडे आहेत. फलकावर कागद लावायला मात्र कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.