अभ्यास विकिपीडियावर, आडनाव मात्र घरी

गेल्या महिन्यात वस्तीतल्या अभ्यासिकेत एक आई आमच्याकडे आल्या. मुलगी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला. वर्गातल्या सर्वांनी विकिपीडियावर एकेक लेख लिहावा आणि त्याला वीस गुण, असे सरांनी सांगितलेले. मुलीने पूर्ण नावाने खाते उघडले. आपण वहीच्या पहिल्या पानावर लिहितो तसे नाव, महाविद्यालय, वस्ती, जन्मतारीख आणि फोन नंबर असे सगळे तिने आपल्या सदस्य पानावर भरले. तिसऱ्या दिवशी चर्चा पानावर कोणीतरी आडनावावरून घाणेरडा टोमणा मारला. मग अनोळखी नंबरांवरून फोन सुरू झाले.

"दादा, हे पुसता येईल का? आणि पोरीने लिहावं की सोडून द्यावं?" आईंनी विचारले.

लिहावे, असेच आम्ही सांगितले. पण कसे लिहावे हे कोणीतरी आधी सांगायला हवे होते. ते सरांचे काम होते.

विकिपीडिया २००१ साली सुरू झाला, मराठी विकिपीडिया २००३ साली. त्यावर कोणालाही लिहिता येते, दुरुस्त करता येते. मात्र केलेला प्रत्येक बदल, करणाऱ्याचे सदस्यनाव आणि वेळ 'इतिहास' या पानावर कायम राहते, आणि ते पान जगात कोणीही उघडू शकतो. परीक्षेची उत्तरपत्रिका निकालानंतर रद्दीत जाते. ही जात नाही. आज एकोणीस वर्षांच्या मुलीने चुकत-माकत लिहिलेले वाक्य ती नोकरीच्या मुलाखतीला जाईल तेव्हाही तिच्या नावावर सापडेल.

आपल्या मुलांच्या बाबतीत त्यात आणखी एक गोष्ट येते. इतर कोणाचे आडनाव नुसते आडनाव असते. आपले आडनाव आणि वस्तीचे नाव शेजारी आले की वाचणारा जात काढून मोकळा होतो. मग लेखात संदर्भ आहेत की नाहीत हे बाजूला पडते आणि लिहिणारी कोण, यावरच बोलणे सुरू होते. म्हणून खाते टोपणनावाने उघडावे. विकिपीडिया खरे नाव मागत नाही, हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. टोपणनावात जन्मसाल, हजेरी क्रमांक किंवा इन्स्टाग्रामवरचे नाव घालू नये. यात लपवाछपवी नाही. दाराला कडी लावतो, तेवढेच हे आहे.

टोपणनाव घेऊनही घोटाळा होतो, तो वर्गाच्या यादीमुळे. शिक्षक उपक्रमाचे पान तयार करतात, त्यावर महाविद्यालयाचे नाव आणि सर्व विद्यार्थ्यांची सदस्यनावे असतात. ते पान सर्वांना दिसते. तिथेच कोणी हजेरी क्रमांक किंवा खरी नावे जोडली तर टोपणनावाचा उपयोग काय? कोणते टोपणनाव कोणाचे, हे सरांनी आपल्या वहीत ठेवावे. सराव 'धूळपाटी'वर करतात, पण धूळपाटीही उघडीच असते. ज्या विद्यार्थ्याला जाहीर लिहायचे नसेल त्याचा लेख कागदावर घेऊन तेवढेच गुण द्यावेत. पालकांनी हे मागावे, त्यात भीड कसली?

काही मुले खातेच उघडत नाहीत. पूर्वी असे केले की इंटरनेट जोडणीचा आयपी पत्ता इतिहासात उघड दिसे. २०२४पासून टप्प्याटप्प्याने त्याजागी तात्पुरते खाते दिसू लागले आहे. जुने पत्ते मात्र तसेच आहेत. टोपणनावाचे खाते हाच बरा मार्ग.

फोटोंचेही सांगतो. मोबाईलने काढलेल्या फोटोत तो कुठे काढला याची नोंद दडलेली असू शकते, ती आधी काढून टाकावी. आणि एकदा मुक्त परवान्याने चढवलेला फोटो कोणालाही, धंद्यासाठीसुद्धा, वापरता येतो. परवाना मागे घेता येत नाही. आजीचा घरातला फोटो चढवण्यापूर्वी आजीला विचारावे.

२०११ साली पुण्यातील काही महाविद्यालयांत असाच उपक्रम इंग्रजी विकिपीडियावर झाला होता. शेकडो विद्यार्थी उतरवले, शिकवणारे अपुरे पडले. अनेकांनी पुस्तकांतले उतारे जसेच्या तसे डकवले आणि जुन्या संपादकांना ते निस्तरत बसावे लागले. त्याच वर्षी उपक्रम गुंडाळला गेला. मुलांना दोष देणे सोपे आहे. पण स्वतःच्या शब्दांत लिही, हे त्यांना कोणी आणि किती वेळ शिकवले होते?

धोका फक्त टोमण्यांचा नाही. २०२५च्या फेब्रुवारीत छत्रपती संभाजी महाराजांवरील मजकुरावरून महाराष्ट्र सायबरने विकिपीडियाच्या काही संपादकांवर गुन्हा नोंदवला. टोपणनाव कायद्यापासून वाचवत नाही. वादाच्या विषयावर विद्यार्थ्याला गुणांसाठी ढकलू नये, आणि ज्याला लिहायचेच आहे त्याने प्रत्येक वाक्यामागे छापील संदर्भ ठेवावा.

इथे आमची एक तक्रार आहे. आजीने सांगितलेली आठवण विकिपीडियावर पुरावा ठरत नाही, छापलेले हवे. आपल्या बायांनी केलेले किती काम छापलेच गेले नाही! म्हणून ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे १९८९चे 'आम्हीही इतिहास घडवला' यासारखे पुस्तक अशा वेळी मोलाचे ठरते. त्या मुलीला आम्ही तेच शोधायला सांगितले.

फोन नंबर व जन्मतारखेबद्दल तिने प्रचालकांना खाजगी ई-मेल पाठवला. चर्चा पानावर मागणी केली असती तर आणखी दहा जणांनी तो नंबर पाहिला असता. जुन्या आवृत्त्यांतून तो मजकूर झाकला गेला. खात्याचे नाव बदलून घेण्याचीही सोय आहे, पण जुन्या सह्या आणि बदलाची नोंद मागे राहते. म्हणून तिने ते खाते सोडून दिले आणि नव्या टोपणनावाने पुन्हा सुरुवात केली. ते टोपणनाव आम्ही तिला विचारलेले नाही.