ताप अंगावर काढून रोजा नको

दोन वर्षांपूर्वीच्या रमजानमधली गोष्ट. तरावीहच्या नमाजहून घरी आलो, तर खाला दोन चादरी ओढून पडलेली. थंडी वाजून ताप, उजव्या कुशीत बरगडीच्या खाली ठणका, इफ्तारनंतर दोनदा उलटी. "रोज्याची उष्णता आहे, सकाळपर्यंत उतरेल," असे म्हणून तिने कूस बदलली. शेजारच्या काकूंनी कपाळाला हात लावला आणि कुणाला न विचारता रिक्षा बोलावली. निदान झाले मूत्रपिंडाच्या जंतुसंसर्गाचे. पाच दिवस सलाइनवर राहावे लागले.

मग कळले, लघवीला जळजळ आठवडाभर होती. घरातल्या जुन्या पाकिटातल्या दोन गोळ्या तिने घेतल्या, बरे वाटले आणि बंद केल्या. "सांगितलं असतं तर तुम्ही रोजा सोडायला लावला असता," ती म्हणाली.

अशी खाला भिवंडीत घरोघरी आहे. कुणाच्या घरी ती अम्मी असेल, कुणाच्या घरी नवरात्राचे नऊ दिवस उपवास करणारी आई. म्हणून हा आजार नीट समजून घेऊ.

बहुतेक वेळा याची सुरुवात मूत्राशयात होते. आतड्यात राहणारे ई-कोलाय नावाचे जंतू मूत्रमार्गातून आत शिरतात. बायकांचा हा मार्ग जेमतेम ४ सेंटीमीटर, पुरुषांचा सुमारे २० सेंटीमीटर. म्हणून बायकांना हा त्रास जास्त. तिथेच उपचार झाला तर आजार आटोपतो. नाही झाला, तर जंतू मूत्रनलिकेतून वर मूत्रपिंडापर्यंत चढू शकतात. नुसती जळजळ आणि वारंवार लघवी ही खालची तक्रार. थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत दुखणे, मळमळ, उलटी ही वरची. वयस्कर माणूस कधी फक्त असंबद्ध बोलू लागतो. मधुमेह, मुतखडा, गरोदरपण किंवा पुरुषांमध्ये वाढलेली प्रोस्टेट असेल तर धोका अधिक.

मग रोज्याने हा आजार होतो का? निरोगी माणसाच्या मूत्रपिंडाला रोज्याने इजा होते, असे नाही. पण पाणी कमी पडले की लघवी कमी होते, आणि लघवीबरोबर जंतू धुऊन जाणेही कमी होते. त्यात लघवी दाबून धरण्याची सवय. घरात कांड्या भरत बसणारी बाई हातातले काम संपेपर्यंत उठत नाही. बाजारात गेलेली बाई स्वच्छ शौचालय मिळणार नाही म्हणून पाणीच पीत नाही. हे रमजानपुरते नाही, बारा महिन्यांचे आहे.

उपचार आहे आणि तो चांगला लागू पडतो. आधी लघवीची तपासणी आणि कल्चर. नमुना अँटिबायोटिक सुरू होण्यापूर्वी द्यावा, म्हणजे कोणता जंतू आहे आणि त्याला कोणते औषध लागू पडेल ते दोन-तीन दिवसांत कळते. तोवर डॉक्टर अंदाजाने औषध सुरू करतात, अहवाल आल्यावर गरज असल्यास बदलतात. रक्तातील क्रिएटिनिन पाहतात; खड्याची शंका असेल तर सोनोग्राफी. खड्याने वाट अडली आणि मागे संसर्ग झाला, तर तासांचा हिशेब असतो. उलट्या होत असतील, रुग्ण गरोदर असेल किंवा रक्तदाब उतरला असेल, तर दाखल करून शिरेतून औषध देतात. ताप साधारण दोन-तीन दिवसांत उतरतो, पण औषधाचा कोर्स बहुधा ७ ते १४ दिवसांचा असतो. इथेच आपण चुकतो. बरे वाटले की गोळ्या थांबवतो. उरलेले जंतू पुन्हा डोके वर काढतात. शिवाय मूत्राशयासाठी दिलेली प्रत्येक गोळी मूत्रपिंडात पुरेशी पोहोचत नाही. म्हणून जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून औषध आणू नये. मनाने वेदनाशामक गोळ्याही घेऊ नयेत. त्यांतल्या काही मूत्रपिंडालाच त्रास देतात. खासगी डॉक्टर परवडत नसेल, तर आपले इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे.

राहिला रोज्याचा प्रश्न. कुरआनच्या सूरह बकराहमध्ये जिथे रोजे फर्ज केले आहेत, तिथेच आजारी आणि प्रवासी माणसाला ते नंतर पूर्ण करण्याची सवलत दिली आहे. बरे होण्याची आशाच नसलेल्यांसाठी फिदया, म्हणजे गरिबाला जेवण, हा मार्ग आहे. तेव्हा आजारात रोजा सोडणे ही ईमानची कमतरता नव्हे. रोजा कधी सुरू करायचा, हे डॉक्टरांना विचारावे. शंका उरली तर मौलानांना. निरोगी असाल तर इफ्तार ते सहरी थोडे थोडे पाणी पीत राहावे, एकदम तांब्याभर नव्हे.

खालाने त्या वर्षीचे राहिलेले रोजे हिवाळ्यात पूर्ण केले. दिवस लहान होते, तब्येत ठणठणीत होती. पहिल्या दिवशी इफ्तारच्या खजुरांची ताटली तिने आधी काकूंच्या घरी पाठवली.