आजीची ओवी पडद्यावर

चळवळीचे गाणे म्हटले की आपल्याला जलसा आठवतो, वामनदादा कर्डक आठवतात. जात्यावर बसलेली बाई सहसा आठवत नाही. पण १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या आया-आज्यांनी राम-विठ्ठलाच्या जागी भीम, रमाई आणि बुद्ध ओवीत आणले, ते कुणी शिकवले म्हणून नव्हे. हेमा रायरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. १९९६ साली माजलगावच्या भीमनगरात ध्वनिमुद्रित झालेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या त्यातल्याच. त्या संग्रहात ओवीबरोबर गाणारणीचे नाव आणि गावही नोंदवले आहे. हे मुद्दाम सांगतो आहोत. कारण पुढे येईल.

आम्ही वस्तीतली चार पोरे. आमच्यातल्या एकाच्या आजीच्या ओवीवर दोन मिनिटांचा चलचित्रपट करायचे आम्ही ठरवले. संगणकाला पैसे नव्हते. तेव्हा काळे कापड अंथरले, त्यावर ज्वारीचे पीठ चाळले आणि वर स्टुलाला मोबाईल बांधला. बोटाने पिठात चित्र काढायचे, फोटो घ्यायचा, पीठ जरासे सरकवायचे, पुन्हा फोटो. एका सेकंदाला बारा फोटो. दोन मिनिटांना १,४४०. पंखा लावायचा नाही, शिंकायचे नाही. एकदा मांजर चालून गेले आणि अख्खी रात्र वाया गेली.

जाते गोल फिरते, म्हणजे एका फेऱ्याचे चोवीस फोटो काढून तेच पुन्हा पुन्हा वापरता येतील, असा आमचा हिशेब. तसे केलेही. आजीने पाहिले आणि म्हणाली, "घास कुठं टाकलाय? रिकामं जातं फिरवतीय व्हय ही?" आम्ही गप्प. घास टाकताना हात खुंट्यावरून निघतो, जाते मंदावते, तिथेच ओवीतही श्वास घेतला जातो. हे आमच्या ध्यानातच आले नव्हते. मग आजीचा आवाज पुन्हा पुन्हा ऐकला, प्रत्येक श्वास कितव्या फोटोवर येतो ते वहीत मांडले आणि सगळे फेरे नव्याने काढले. दीड महिना गेला.

बाबासाहेब कसे काढायचे, यावर आमच्यात भांडणे झाली. सूट, पुस्तक, उंचावलेले बोट काढले असते तर कुणीही ओळखले असते. पण पुतळा जसाच्या तसा पिठात उतरवायला आजीची ओवी कशाला हवी? शेवटी जात्याभोवती सांडलेल्या पिठाची दोन वर्तुळे होतात, त्यांचा चष्मा होतो, एवढेच ठेवले.

मग एका लोककला महोत्सवाला चित्रपट पाठवला. तिथल्या संयोजकांना जाते फार आवडले. ग्रामीण जीवनाचे सुंदर दर्शन म्हणाले. फक्त शेवटच्या दोन ओव्या काढा, त्या राजकीय वाटतात, आणि नावाऐवजी 'पारंपरिक' लिहा. म्हणजे पीठ चालते, भीम चालत नाही. बाईचा गळा चालतो, बाईचे नाव चालत नाही! पारंपरिक या शब्दाखाली आपल्या किती माणसांची नावे पुसली गेली असतील? वामनदादांची गाणी गाणाऱ्यांनासुद्धा गाणे कुणाचे ते पुष्कळदा ठाऊक नसते. आम्ही चित्रपट परत घेतला. आमच्यातल्या एकाचे मत होते की दोन ओव्या गेल्या तरी चालेल, निदान लोक पाहतील तरी. त्याच्यावर आमचा राग नाही. इतकी मेहनत करून घरी बसायचे कुणालाही जड जाते.

चित्रपट पहिल्यांदा विहारात दाखवला, पांढऱ्या चादरीवर. सुरुवातीलाच आजीचे नाव, तिचे गाव. इथेही ते छापणार होतो, पण आजी म्हणाली, "पिच्चरमधी ऱ्हाऊ दे, पेपरात नगं." म्हणून छापलेले नाही.

येत्या जयंतीला डीजेच्या भिंतीपुढे नाचताना मध्ये दोन मिनिटे आवाज बंद करून हा चित्रपट दाखवू द्या, असे आम्ही आमच्या उत्सव समितीला लेखी कळवले आहे. उत्तर अजून आलेले नाही. चादर आमच्याकडे आहे.