टॅब्लेट हा लॅपटॉपचें काम करील काय?

दहावीचा निकाल लागला, कीं आमच्या शाळेच्या व्हरांड्यांत पालकांची वर्दळ सुरू होते. पूर्वीं ते विचारीत, "सर, पोराला कोणत्या शाखेला घालावें?" आतां त्याला आणखी एक प्रश्न जोडला गेला आहे : "सर, लॅपटॉप घ्यावा, कीं टॅबवर भागेल?" गेल्या उन्हाळ्यांत आष्टीजवळच्या एका वाडीवरील शेतकरी गृहस्थ आपल्या मुलीसह आमच्याकडे आले. मुलगी चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण होऊन अकरावीला विज्ञान शाखेंत जाणार होती. कापसाच्या पैशांतून खत-बियाण्याची रक्कम बाजूस काढून जें उरलें, तें गृहस्थांनीं ह्या खरेदीसाठीं राखून ठेविलें होतें. पैसा एकदांच खर्च होणार; निवड चुकली तर पुन्हां दोन-तीन वर्षें तशी रक्कम जमण्याचा संभव नव्हता. अशा वेळीं "चांगलें असेल तें घ्या" असें सांगणें म्हणजे आपली जबाबदारी टाळणें होय.

सुदैवानें त्यापूर्वींच्या सत्रांत आम्हीं स्वतःवरच एक प्रयोग करून पाहिला होता. लॅपटॉप कपाटांत ठेवून शाळेचें व घरचें सर्व काम टॅब्लेटवर करावयाचें, असा तो प्रयोग. त्यांतून काय निष्पन्न झालें आणि त्या गृहस्थांस आम्हीं काय उत्तर दिलें, तें विद्यार्थी व पालक यांच्यापुढें मांडावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम टॅब्लेट म्हणजे काय, हें पाहूं. ह्या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ लिहिण्याची पाटी असा आहे. मुलांच्या हातीं पाटीसारखा संगणक द्यावा, ही कल्पना ॲलन के ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९७२ सालीं 'डायनाबुक' ह्या नांवानें मांडली होती. ती प्रत्यक्षांत रुजण्यास बराच काळ लागला. २०१० सालीं ॲपल कंपनीचा आयपॅड विक्रीस आला. पुढील वर्षीं, ५ ऑक्टोबर २०११ रोजीं, भारत सरकारनें विद्यार्थ्यांकरितां 'आकाश' नांवाचा स्वस्त टॅब्लेट दिल्लींत प्रसिद्ध केला. त्याची रॅम अवघी २५६ मेगाबाइट होती. सबब तो लोकांच्या अपेक्षेस उतरला नाहीं. तथापि कल्पना मागें पडली नाहीं. मुंबई महानगरपालिकेनें २०१५ सालीं आपल्या शाळांतील आठवीच्या मुलांस टॅब दिले. आणि नागपूरच्या महाज्योती संस्थेनें इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्ग यांतील, वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांमुलींस ते विनामूल्य वांटले आहेत. तेव्हां पाटी खेडोपाडीं पोहोंचली. ती लॅपटॉपची जागा घेऊं शकते काय, हाच प्रश्न राहिला.

ह्या दोन यंत्रांत मुख्य भेद दोन आहेत. पहिला विजेचा. टॅबचा प्रोसेसर मोबाइलच्या प्रोसेसरच्या कुळांतला असतो. थोड्या विजेवर काम करावें अशीच त्याची रचना असते. म्हणून तो फारसा तापत नाहीं आणि त्याला पंखा लागत नाहीं. दहा-अकरा इंची टॅबची बॅटरी साधारणतः सात-आठ हजार मिलिअँपिअर-तासांची, म्हणजे सुमारें २७ ते ३० वॉट-तासांची असते. लॅपटॉपची पुष्कळदां ४० ते ६० वॉट-तासांची असते. बॅटरी लहान असूनही टॅब बहुधा अधिक वेळ चालतो, कारण त्याचा खर्चच कमी. शिवाय तो मोबाइलच्या चार्जरवर किंवा पॉवर बँकेवर भरतां येतो. लॅपटॉपला सहसा ४५ ते ६५ वॉटांचा चार्जर लागतो. ज्या घरीं अभ्यासाच्या वेळेसच वीज जाते, त्या घरीं हा भेद लहान नव्हे.

दुसरा भेद प्रोग्रॅमांचा. लॅपटॉप बहुधा विंडोजवर चालतो, आणि टॅब अँड्रॉइडवर किंवा आयपॅडच्या स्वतंत्र प्रणालीवर. बैलगाडीचें चाक जसें ट्रॅक्टरला बसत नाहीं, तसा विंडोजसाठीं तयार केलेला प्रोग्रॅम टॅबवर जसाच्या तसा चालत नाहीं. त्याच नांवाचें ॲप मिळालें, तरी त्यांत सर्व सोयी असतीलच असें नाहीं. पालकांची फसगत होते ती बहुधा येथेंच.

आतां प्रयोगाकडे वळूं. पहिल्या आठवड्यांतच एक धडा मिळाला. नुसता टॅब हा लॅपटॉपचा पर्याय नव्हे. पडद्यावरचा कळफलक उघडला, कीं तो जवळजवळ निम्मा पडदा झांकून टाकतो. चार ओळींचा निरोप लिहितां येतो, पण दोन पानांचें पत्र लिहितांना मान व बोटें दोन्ही थकतात. म्हणून आम्हीं ब्लूटूथवर चालणारा सुटा कळफलक, एक माउस व टॅब उभा ठेवण्याचें आवरण घेतलें. तेव्हांपासून काम सुरळीत चाललें.

मराठी लिहिण्याविषयीं मात्र एक सूचना देणें अवश्य आहे. भारत सरकारनें १९८६ सालीं भारतीय लिप्यांसाठीं इनस्क्रिप्ट नांवाची कळांची मांडणी प्रमाण ठरविली. तींत स्वर डाव्या हाताला व व्यंजनें उजव्या हाताला येतात. ती शिकण्यास थोडे दिवस लागतात. पण एकदां हात बसला, कीं रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची वळसेवाट धरावी लागत नाहीं. परंतु पडद्यावरील कळफलकावर जी मराठी मांडणी मिळते, ती सुट्या कळफलकावर प्रत्येक टॅबमध्यें मिळतेच असें नाहीं. म्हणून दुकानांतच कळफलक जोडून 'क्षत्रिय', 'ज्ञान', 'ऱ्हास', 'सूर्य' हे शब्द लिहून पाहावे. हे चार उमटले, तर पुढचें सर्व उमटेल.

जीं कामें टॅबवर उत्तम झालीं, तीं हीं. बालभारतीचीं पाठ्यपुस्तकें वाचणें व त्यांवर पेनानें खुणा करणें. शाळेचीं पत्रें व सूचना लिहिणें. गुणांचे साधे तक्ते भरणें. दूरच्या बैठकींत बोलणें. कागदपत्रांचीं छायाचित्रें घेऊन त्यांची पीडीएफ करणें. ह्या शेवटच्या कामांत तर टॅब लॅपटॉपपेक्षां सरस ठरला. ज्या यंत्रानें छायाचित्र घेतलें, त्याच यंत्रावर तें नीट कापून पाठवितां येतें. वेगळा स्कॅनर लागत नाहीं. शेतकऱ्याच्या दृष्टीनें आणखी एक उदाहरण आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. तींत शेतकऱ्यानें स्वतःच्या शेतांत उभें राहून पिकाचें छायाचित्र घ्यावयाचें, आणि तें ठिकाण यंत्रानें उपग्रहांच्या साह्यानें नोंदवावयाचें. हें काम मोबाइलवर होतें, आणि ज्या टॅबमध्यें जीपीएस व सिमकार्ड आहे त्यावरही होण्याजोगें आहे; घरीं मेजावर असलेल्या लॅपटॉपवर होत नाहीं. महागडें यंत्र प्रत्येक कामाला अधिक उपयोगी असतें, हा समज अशा वेळीं गळून पडतो.

आतां जेथें आम्ही अडखळलों, तें सांगतों. शाळेच्या जुन्या फाइली उघडल्या, तों मराठीऐवजीं निरर्थक चिन्हांच्या रांगा दिसल्या. ह्या फाइली युनिकोड रूढ होण्यापूर्वींच्या फॉन्टांत लिहिलेल्या होत्या. त्या पद्धतींत संगणक आंतून इंग्रजी अक्षरेंच सांठवितो आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. तो फॉन्ट नसेल, तर रूप नाहींसें होतें. लॅपटॉपवर तो बसविलेला होता. टॅबच्या ॲपमध्यें बसविणें जमलें नाहीं. दुसरी अडचण तक्त्यांची. प्रगतिपत्रकाचा चौकटींचा तक्ता टॅबवर उघडतांच रकाने खालींवर सरकले. तिसरी अशी, कीं एका बाजूस हजेरी व दुसऱ्या बाजूस गुण ठेवून पडताळा घ्यावयाचा, तर अकरा इंचांच्या पडद्यावर दोन खिडक्या मावतात खऱ्या, पण डोळ्यांना फार ताण पडतो.

चौथी अडचण मनाला लागून राहिली. एका विद्यार्थिनीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख होती. तिची आई शेतांतलें काम टाकून कागद घेऊन आली होती. सर्व माहिती आम्हीं टॅबवर भरली, प्रमाणपत्रांचीं छायाचित्रें ठरलेल्या आकारांत बसविलीं. परंतु शेवटचें बटण कांहीं केल्या दाबलें जाईना. संकेतस्थळ संगणकाच्या रुंद पडद्यासारखें उघडण्याचा पर्याय टॅबमध्यें असतो. पुष्कळ वेळां त्यानें काम होतें, पण त्या दिवशीं तोही निष्फळ ठरला. अखेर आम्ही तिघें बाजारांतील सेवा केंद्राकडे धांवलों. केंद्रचालक दुकान बंद करीत होते. त्यांनीं पुन्हां संगणक सुरू करून अर्ज भरून दिला. प्रयोग आमचा होता, पण नुकसान त्या मुलीचें झालें असतें. त्या दिवसापासून आम्हीं नियम केला : ज्या कामाला शेवटची तारीख आहे, तें नव्या साधनावर शेवटच्या दिवशीं करूं नये.

कांहीं कामांचा निर्णय तर आपल्या हातींच नसतो. राज्य परीक्षा परिषदेची संगणक टंकलेखनाची परीक्षा द्यावयाची, टॅलीवर हिशेब शिकावयाचे, अभियांत्रिकींत यंत्रांचे आराखडे काढावयाचे किंवा प्रोग्रॅम लिहावयाचे, तर संस्था जें यंत्र सांगेल तेंच लागतें. येथें टॅब साह्यकारी होईल, परंतु मुख्य साधन होणार नाहीं.

यावरून आम्हीं निवडीची एक साधी रीत बसविली आहे. वहीचें एक पान घ्यावें. एका आठवड्यांत कुटुंबांतील कोण कोणतें काम यंत्रावर करणार, तें एकाखालीं एक लिहावें. प्रत्येक कामापुढें तीन प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं : हें वाचण्याचें आहे कीं लिहिण्याचें? हें बसून करावयाचें आहे कीं फिरून? ह्यासाठीं ठराविक प्रोग्रॅम कोणी बंधनकारक केला आहे काय? वाचणें, ऐकणें, पाहणें, थोडें लिहिणें व फिरून करावयाचीं कामें अधिक असतील, तर टॅब व कळफलक पुरे. तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर एकदां जरी "होय" आलें, आणि तें काम नित्याचें असलें, तर लॅपटॉपच घ्यावा. तें वर्षांतून दोन-चार वेळांच येत असेल, तर शाळेची संगणक-खोली किंवा सेवा केंद्र जवळ करावें. तेवढ्यासाठीं मोठा खर्च करूं नये.

किमतीविषयींही सावध असावें. साधा टॅब व कळफलक मिळून लॅपटॉपपेक्षां पुष्कळ स्वस्त पडतात. परंतु सर्वांत वरच्या दर्जाचा टॅब, त्याचें पेन व त्याचा खास कळफलक घेतला, तर ती रक्कम चांगल्या लॅपटॉपच्याही पुढें जाते. मग काटकसरीचा हेतु उरत नाहीं. रॅम किती, जागा किती आणि सुरक्षेचे अद्यतन किती वर्षें मिळणार, हे तीन प्रश्न दुकानदारास अवश्य विचारावे. तिसरा प्रश्न लोक बहुधा विसरतात, आणि दोन वर्षांनीं आवश्यक ॲप चालेनासें झालें म्हणजे त्यांना त्याची आठवण होते.

त्या गृहस्थांसमोर आम्हीं हेंच पान ठेविलें. मुलीनें स्वतःच्या हातानें कामें लिहिलीं : पुस्तकें वाचणें, व्याख्यानें ऐकणें, सराव-परीक्षा देणें, बाबांची पीक पाहणी, आजीच्या दवाखान्याचे कागद जपून ठेवणें. सात ओळींत तिसऱ्या प्रश्नाचें "होय" एकदांही आलें नाहीं. ती महाज्योतीच्या योजनेस पात्र होती. म्हणून आधीं तेथें अर्ज करावा, टॅब मिळाल्यास केवळ कळफलक विकत घ्यावा, आणि उरलेली रक्कम अभियांत्रिकीला प्रवेश मिळेपर्यंत राखून ठेवावी, असें ठरलें. गृहस्थ थोडे साशंक होते. "सर, लोक म्हणतील, पैसे असून पोरीला लॅपटॉप घेतला नाहीं," असें ते म्हणाले. त्यावर मुलगीच म्हणाली, "बाबा, लोकांना माझा अभ्यास थोडाच करायचा आहे?"

टॅब हातीं येण्यास कांहीं महिने लागले; तोंवर तिनें छापील पुस्तकांवर भागविलें. आज ती त्याच टॅबवर अभ्यास करते, आणि वडिलांनीं राखलेली रक्कम परतूरच्या पोस्टांत तिच्या नांवें जमा आहे. लॅपटॉप तिला लागेल तेव्हां घेतला जाईल. तो तेव्हां नवा असेल, आणि तिच्या कामाचा असेल.